नऊ ओळींचा पहारेकरी

नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की मुदखेड, उमरी, धर्माबाद अशी स्टेशनं येतात आणि धर्माबादनंतर महाराष्ट्र संपतो. पुढचं स्टेशन बासर. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. इथलं ज्ञानसरस्वतीचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं. लहान मुलांचा अक्षराभ्यास करायला लोक लांबून येतात. गावात ट्रिपल आयटीही आहे, खेड्यापाड्यातल्या दहावी झालेल्या मुलांसाठी २००८ साली सुरू झालेली. मी मात्र सुट्टीत गेले होते ती माझ्या रूममेटच्या घरी, आणि चार दिवसांतले तीन दिवस बसले तिच्या बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात.

दुकान म्हणजे झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, रेल्वेचं तिकीट, सगळंच. गिऱ्हाईक तेलुगूत विचारतं, काका मराठीत पुटपुटतात आणि फॉर्म इंग्रजीत भरतात. त्यांचं एकच रडगाणं होतं: "नेट सारखं बंद पडायलंय." कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. त्याच्या मते लाइन एकदम ठीक होती. काकांच्या मते तो खोटं बोलत होता. मागच्या जूनमध्ये एका मुलाचा प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या तारखेला संध्याकाळी भरत असताना नेट गेलं. खात्यातून फी कापली गेली, स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं आणि मुदत संपली. काका ते अजून विसरलेले नाहीत.

रूममेट बीएस्सीला कॉम्प्युटर सायन्स शिकते. ती म्हणाली, भांडण्यापेक्षा मोजू या. तिने आधी इंटरनेटवरून एक तयार स्निपेट उतरवून घेतलं. स्निपेट म्हणजे कोडचा छोटा तुकडा, दहा-वीस ओळींचा, एकच काम करणारा. पूर्ण सॉफ्टवेअर नव्हे. असे तुकडे हजारोंनी मिळतात: नेट चालू आहे का बघणारे, संगणक तापलाय का सांगणारे, कुणी पासवर्ड ठोकून बघतंय का मोजणारे. उचला, चिकटवा, चालवा.

मी साहित्याची विद्यार्थिनी. मला कोड लिहिता येत नाही, पण ओळ कळली नाही की पुढे जायचं नाही, ही सवय आपल्याला वर्गात लागलेली असते. त्या तुकड्यात पंधरावी ओळ मला खटकली. बाकीच्या ओळी "विचार, मोज, लिही" असं काहीतरी सांगत होत्या. ही एकच ओळ कुठल्या तरी तिऱ्हाईत पत्त्यावरून एक फाइल आणून लगेच चालवत होती. मी विचारलं, "ही इथे कशाला?" तिने दोनदा वाचली आणि म्हणाली, "कशालाच नाही." कदाचित ती निरुपद्रवी असेलही. पण त्या पत्त्यावर आज एक फाइल असेल आणि उद्या दुसरी, आणि जी असेल ती काकांच्या संगणकावर काकांच्याच अधिकाराने चालेल. ज्या संगणकावर दिवसभर लोकांचे आधार नंबर टाइप होतात, त्यावर. आम्ही तो तुकडा पुसला आणि स्वतः लिहायला बसलो.

आता थोडं पिंगबद्दल. माइक मूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्कमध्ये काहीतरी बिघडलं म्हणून एका रात्रीत हा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्यांच्या सोनारमधून आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून त्याने नाव ठेवलं. काम तेवढंच: समोरच्या यंत्राला एक छोटा संदेश पाठवायचा, त्याने तो तसाच परत पाठवायचा, आणि जाऊन-येऊन किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत मोजायचं. दाराबाहेरून "आहात का?" म्हणून हाक मारावी आणि आतून "आहे" यावं, तसं. पण "आहे" आलं नाही म्हणजे घरात कुणी नाही असं होत नाही. काही यंत्रांना अनोळखी हाकेला ओ द्यायचीच नाही असं शिकवलेलं असतं.

आमचा तुकडा खाली देते. खरा कोड पायथनमध्ये आहे, हे त्याचं ओळीला ओळ मराठी:

१. पुढचं सगळं न थांबता करत राहा:
२. आत्ताची तारीख आणि वेळ लक्षात ठेव.
३. राऊटरला एक हाक मार, फार तर दोन सेकंद वाट बघ.
४. बाहेरच्या एका मोठ्या सर्व्हरला त्याच्या आकडी पत्त्यावर हाक मार, फार तर दोन सेकंद वाट बघ.
५. एका वेबसाइटचं नाव देऊन तिचा आकडी पत्ता विचार.
६. वेळ आणि तिन्ही उत्तरं एका ओळीत मांड.
७. ती ओळ फाइलच्या शेवटी जोड.
८. तिघांपैकी एक जरी गप्प असेल तर स्क्रीनवर लाल अक्षरांत दाखव.
९. तीस सेकंद झोप.

(सुरुवातीच्या आयातीच्या ओळी धरल्या तर बारा होतात. रूममेटने मला हे लिहायलाच लावलं आहे.)

यातल्या तीन जागी आम्ही पडलो, म्हणून जरा थांबते. तिसऱ्या-चौथ्या ओळीतले "फार तर दोन सेकंद" पहिल्यांदा नव्हते. समोरून उत्तरच आलं नाही तर तुकडा वाट बघत बसायचा, आणि नेमकं नेट गेलेलं असतानाच त्याची नोंद व्हायची नाही. सातव्या ओळीत फाइल उघडताना एक अक्षर द्यावं लागतं. "ए" दिलं तर शेवटी जोडतो, "डब्ल्यू" दिलं तर आधीचं सगळं पुसून नव्याने लिहितो. आमचा पहिल्या दुपारचा लॉग त्या एका अक्षरात गेला. आणि नववी ओळ विसरलात तर तो श्वास न घेता हाका मारत सुटतो. मग नेटवर्कवर नजर ठेवणाराच नेटवर्कला त्रास होऊन बसतो.

तीन वेगळ्या हाका का, एक का नाही? कारण "नेट गेलं" हे आपण एका वाक्यात म्हणतो, पण नेट तीन तऱ्हांनी जातं. राऊटर बोलतोय आणि बाहेरचा गप्प, तर राऊटरच्या पुढे, म्हणजे बहुतेक लाइनमध्ये बिघाड. राऊटरही गप्प, तर दोष तुमच्या चार भिंतींच्या आत: वायर, वीज किंवा खुद्द राऊटर. आकडी पत्ता बोलतोय आणि नाव सापडत नाही, तर नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, जिला डीएनएस म्हणतात, ती अडली आहे. लाइन शाबूत असते, पण तुम्हाला कुठलंच पान उघडत नाही. पाचव्या ओळीची एक खोड सांगायला हवी. संगणक नुकतंच विचारलेलं नाव लक्षात ठेवतो आणि कधी कधी बाहेर न विचारताच आठवणीतून उत्तर देतो. त्यामुळे तिथलं "आहे" दर वेळी खरं असेलच असं नाही.

दोन दिवसांनी फाइल उघडली. तुकडा रात्रभरही चालू ठेवला होता. रात्री एकही खंड नव्हता. दिवसा सहा होते, प्रत्येक दीड-दोन मिनिटांचा, आणि सहाही वेळा पहिला गप्प झाला होता तो राऊटर. बाहेरची लाइन नव्हे. दीड-दोन मिनिटं म्हणजे राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागतो तेवढा वेळ. रूममेट टेबलाखाली वाकली. राऊटरचा ॲडॅप्टर एका जुन्या एक्स्टेंशन बोर्डात, शेजारच्या खाचेत लॅमिनेशन मशीन. दर वेळी मशीनची पिन काढली-घातली की बोर्ड हलायचा आणि ॲडॅप्टरची ढिली पिन क्षणभर सुटायची. रात्री लॅमिनेशन नाही, म्हणून रात्री खंड नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा बी हेच झालं असंल." जूनमधल्या त्या संध्याकाळबद्दल. आमच्याकडे जूनचा लॉग नाही, त्यामुळे त्यावर आम्ही काहीच बोललो नाही.

मला या तुकड्यांचं जे पटलं ते इथे: ते विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतात. कंपनीचा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने "लाइन ठीक आहे का?" एवढंच तपासलं होतं आणि ती ठीक होती. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर, आणि भयंकर रीतीने, पुण्यात घडून गेली आहे. कॉसमॉस ही १९०६ पासूनची सहकारी बँक. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून तिचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, बारा हजारांवर व्यवहारांतून. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी गेले आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास चौदा कोटी हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर.

हे झालं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा "याच्या खात्यात पैसे आहेत का?" हा प्रश्न स्विच नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकापर्यंत जातो आणि होकार-नकार परत येतो. चोरांनी मालवेअर घुसवून मध्ये स्वतःचा खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांचे प्रश्न तिथे पोचायचे आणि तोच "हो, द्या" म्हणायचा. मुख्य संगणकाला कुणी विचारतच नव्हतं. आता कल्पना करा, आमच्यासारखा पहारेकरी तिथे असता आणि दर तीस सेकंदांनी "स्विच, आहेस का? मुख्य संगणका, आहेस का?" एवढंच विचारत असता. उत्तर "आहे, आहे" असंच आलं असतं. यंत्रं जिवंत होती. हवा होता तो दुसराच प्रश्न: या तासात परदेशातून किती पैसे काढले गेले, आणि एरवी शनिवारी या वेळी किती काढले जातात?

"एरवी किती" हे माहीत नसेल तर कुठलाही आकडा मुका असतो. बासरमध्ये १ जुलैच्या सुमारास गोदावरीचं पाणी चढलं तर त्यामागचं एक कारण लोकांना ठाऊक असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार वर बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. तेवढंच पाणी जानेवारीत एका रात्रीत चढलं तर गाव जागं होईल. आमच्या दुकानाचं "एरवी" म्हणजे राऊटर एक-दोन मिलिसेकंद, बाहेरचा सर्व्हर तीस-चाळीस. ते कळायला दोन दिवस निव्वळ नोंद करावी लागली.

एका माणसाला हे "एरवी" पक्कं माहीत होतं, त्याची गोष्ट मला फार आवडते. आंद्रेस फ्रॉइंड हा डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर, सुरक्षा हा त्याचा विषयच नव्हे. २०२४ च्या मार्चमध्ये स्वतःच्या चाचण्या करताना त्याला दिसलं, की एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या नेहमीच्या मार्गाने, लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! त्याने धागा सोडला नाही. शेवटी कळलं, की एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या उपयुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. बसवणारा "जिया टॅन" या नावाने दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून काम करत होता, विश्वास कमावत होता. आणि लपवलेला भाग वाचायच्या कोडमध्ये नव्हताच, चाचणीसाठी ठेवलेल्या, कुणी उघडून न बघणाऱ्या फाइलींत होता. फ्रॉइंडने हे जगाला कळवलं ती तारीख २९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. मी त्या दिवशी क्रूसाच्या वाटेला उभी होते. विश्वासातल्याच माणसाने घात करण्याची गोष्ट मी ऐकत होते त्याच दिवशी ही बातमी फुटली, हे मला नंतर वाचताना लक्षात आलं.

दुकानात परत येते. नेटचा छडा लागल्यावर आम्हाला चेव आला. दुसरा तुकडा लिहिला, दुकानातल्याच यंत्रांची दारं बघणारा. प्रत्येक यंत्राला ६५,५३५ क्रमांकित दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यातली काही ठरलेली: २२ वर एसएसएच, ८० वर साधी वेबपानं, ४४३ वर कुलूपबंद वेबपानं. तुकडा एकेक दार ढकलून बघतो आणि उघडलेल्यांची यादी देतो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं ८० नंबरचं दार उघडं निघालं. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला, लॉगिन आलं. नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन. कारखान्यातून आला तसा.

यात हसण्यासारखं काही नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्यातले असे साठेक नाव-पासवर्ड जगभरच्या कॅमेऱ्यांवर आणि डीव्हीआरवर घालून बघितले आणि लाखो यंत्रांची फौज उभी केली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला तशा फौजेने डीएनएस पुरवणाऱ्या डाइन या अमेरिकन कंपनीवर मारा केला आणि ट्विटरसकट कितीतरी साइट तासन्‌तास अडल्या. कुणाच्या तरी दुकानातला कॅमेरा त्यात सामील होता आणि दुकानदाराला पत्ताही नव्हता. काकांचा पासवर्ड बदलायला चार मिनिटं लागली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या हॉस्टेलवर हे वाचून कुणाला तरी खुमखुमी येणारच. दारं ढकलायची ती आपल्याच घराची, किंवा मालकाने परवानगी दिली तर त्याच्या घराची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं येतं, आणि ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी फक्त बघत होतो" हे सांगायची वेळ कुणावर येऊ नये. कॉलेजचं वायफाय आपलं घर नाही.

लॉग वाचण्याचा तुकडा तर आपल्यासारख्यांनी शिकावाच. युनिक्समध्ये १९७३ पासून पाइप नावाची सोय आहे, ती सुचली डग मॅकिलरॉयला. एका छोट्या प्रोग्रामचं उत्तर सरळ दुसऱ्याच्या हातात द्यायचं. "फसलेल्या लॉगिनच्या ओळी निवड, त्यातलं नाव काढ, क्रम लाव, सारखी नावं मोज, मोठा आकडा वर आण" अशी पाच कामं एका ओळीत ओवता येतात. रूममेटने तिच्या प्रोजेक्टसाठी घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर ही ओळ चालवली तर पहिल्याच दिवसात "रूट" आणि "ॲडमिन" या नावांनी अनोळखी लोकांनी ठोठावून ठेवलेलं दिसलं. तिने पासवर्डने येण्याचा रस्ताच बंद केला. तिथे आता फक्त किल्लीची फाइल चालते. मी तीच ओळ, पहिला शब्द बदलून, फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'च्या टंकलेल्या एका अवस्वरावर चालवली. स्वर्गासाठी कुठला शब्द किती वेळा येतो हे मी सेमिस्टरभर बोटांवर मोजत होते. दोन सेकंद लागले. आधीचं मोजणं चुकलेलं निघालं, तो भाग वेगळा.

शेवटच्या दिवशी काकांनी डाऊनलोड्सचं फोल्डर दाखवलं, संगणक का मंदावलाय म्हणून. आत गिऱ्हाइकांचे स्कॅन: आधार, जातीचे दाखले, बँक पासबुकं, दहावीचे मेमो, लग्नाचे फोटो. दोन-तीन वर्षांचे. कुणी मुद्दाम ठेवले नव्हते, फॉर्म भरला आणि फाइल तशीच राहिली. आदल्या दिवशी पंधराव्या ओळीतली तिऱ्हाईत फाइल या संगणकावर चालली असती तर तिच्या हाती काय लागलं असतं, ते आता समोर होतं. मला अंगावर काटा आला. काकांनाही आला असावा, कारण ते म्हणाले, "सगळं पुसून टाक पोरी, आत्ताच्या आत्ता."

हा तुकडा सगळ्यात लहान आहे, तीन ओळींचा: या फोल्डरमध्ये जा, एक दिवसाहून जुन्या फाइली शोध, पुसून टाक. रोज रात्री दुकान बंद झाल्यावर आपोआप चालेल असा लावायचा. पण रूममेटने तिसरी ओळ आधी "पुसून टाक" अशी लिहिलीच नाही, "नावं दाखव" अशी लिहिली. या वाटेने पुसलेलं कचरापेटीतही जात नाही, म्हणून आधी यादी बघायची. यादी प्रिंट काढून आम्ही तिघांनी वाचली. अकराव्या पानावर काकांच्या स्वतःच्या शेतीच्या पट्टादार पासबुकाचा स्कॅन सापडला, जो ते सहा महिने घरभर शोधत होते. तो पेनड्राइव्हवर घेतला, आणि मग तिने शब्द बदलला.